गाडी खोलणाऱ्यांची गल्ली

"बक हॉलिस्टरचे सगळे व्हिडिओ ज्याने मन लावून पाहिलेत," ऑरिन व्हॅनडाइक माशाचा तुकडा काट्यावर उंच धरून म्हणाला, "त्याला विजेच्या गाडीतलं काहीही विचारा. डोळे झाकून सांगेल."

"मग डोळे झाक आणि मासा खा," एल्वुड टेट म्हणाला. "गार होतोय."

शुक्रवारची संध्याकाळ होती. माजी सैनिकांच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी मासे तळतात आणि एल्म कोर्ट गल्लीतली निवृत्त मंडळी तिथे जेवायला जमतात. मासे नावाला; खरं जेवण गाड्यांच्या गप्पांचं. डेट्रॉइटच्या दक्षिणेला नदीकाठी राहणारा माणूस हवापाण्यावर बोलायला लागला, तरी बघता बघता गिअरबॉक्सवर येतो. त्या टेबलावर बसलेल्या एल्वुडने कारखान्यात उभं आयुष्य गाडीच्या दरवाज्यांत काढलं होतं. गस पापाडाकिसने सीटांत, आणि कॅझ व्होय्तासने बंपरांत. एकाने दुसऱ्याच्या भागाला जन्मात हात लावला नव्हता, पण मत मात्र प्रत्येकाला अख्ख्या गाडीबद्दल होतं.

ऑरिन एकटाच वेगळा. तो शाळेत जीवशास्त्र शिकवायचा. मुलं त्याच्यावर जीव टाकायची, कारण न समजलेली गोष्ट तो पुन्हा सांगायचा आणि पुन्हा सांगताना कंटाळायचा नाही. गल्लीत सगळे त्याला 'मास्तर' म्हणत. मानाने म्हणत, पण गाड्यांचा विषय रंगात आला की त्याच मानाने 'मास्तर, जरा बर्फ घेऊन ये' असंही म्हणत. इतकी वर्षं तो मुकाट्याने बर्फ आणत आला होता. निवृत्तीनंतर त्याला बक हॉलिस्टर सापडला, आणि आता आपण बर्फातून सुटलो असं त्याला वाटू लागलं.

बक हॉलिस्टर हा जुना इंजिनिअर. कंपनीतून नवीकोरी गाडी निघाली की हा ती विकत घ्यायचा, आपल्या कारखान्यात आणायचा आणि शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलायचा. एकेक भाग लांब टेबलावर मांडायचा, तोलायचा, दहापैकी मार्क द्यायचा. काम वाईट दिसलं की चष्मा कपाळावर ढकलून विचारायचा, "हे पास कुणी केलं?" ऑरिनने असे शेकडो तास पाहिले होते. सकाळी न्याहारीबरोबर पाहायचा, दुपारी डुलकी घेताना पाहायचा, आणि हल्ली टोस्ट जळका निघाला की चष्मा कपाळावर ढकलून बायकोला विचारायचा, "हे पास कुणी केलं?" बायको सांगायची, "तूच लावला होतास."

"मास्तर, एक सांगू?" एल्वुड म्हणाला. "तो बक हे सगळं कुणासाठी करतो? दुसऱ्या कंपन्यांसाठी. त्यांना तो जाडजूड अहवाल विकतो. आपल्याला फुकट दिसते ती त्याची जाहिरात. पॉपकॉर्न खात बघायला छान. पण त्यातून तुला काय येतं?"

"ज्ञान येतं."

"ज्ञान म्हणजे उद्या सकाळी हाताने करता आलं पाहिजे. नाहीतर ती करमणूक."

गस आणि कॅझ हसले. गसने सवयीने रिकामा ग्लास ऑरिनच्या दिशेने सरकवला. त्यात बर्फ नव्हता. त्या ग्लासाकडे बघूनच ऑरिनच्या तोंडून निघून गेलं, "करून दाखवतो. लॉरेटाच्या गाडीचा आवाज उद्या सकाळी मी शोधून काढतो."

पलीकडच्या टेबलावर बायकांमध्ये बसलेल्या त्याच्या बायकोने, लॉरेटाने, मान न वळवता सांगितलं, "माझ्या गाडीला हात लावायचा नाही."

आता ही गाडी लॉरेटाला किती प्रिय होती, ते सांगायला हवं. दातांच्या डॉक्टरकडे फोन घेता घेता तिचा जन्म गेला आणि तोवर तिने कायम कुणाची तरी वापरलेली गाडी चालवली. आधी वडिलांची, मग दिराची, मग ऑरिनची. ही निळी विजेची गाडी म्हणजे तिची पहिली स्वतःची नवी गाडी. शनिवारी संध्याकाळी तिच्या शाळेच्या वर्गाचं संमेलन होतं, आणि येताना आपण स्वतःच्या नव्या गाडीतून येणार, हे तिने निम्म्या वर्गाला फोनवर सांगून ठेवलं होतं. गाडीत खोट एकच. मागे घेताना ती गुणगुणायची. कुणीतरी मागच्या सीटवर बसून तोंड मिटून गातंय, असं वाटायचं. विक्रेत्याकडे दाखवायची तारीख बरीच पुढची मिळाली होती.

"एक झाकण काढायचं," ऑरिन घरी जाताना म्हणाला, "आवाज शोधायचा, झाकण लावायचं. तू वेणीफणी करून येईपर्यंत काम संपलेलं असेल."

"ऑरिन, मी नाही म्हटलंय."

"बरं," ऑरिन म्हणाला. जन्मभर शिक्षक असल्यामुळे 'बरं' या शब्दाला किती अर्थ असतात, ते त्याला मुलांकडून चांगलं ठाऊक झालं होतं.

शनिवारी सकाळी लॉरेटाची बहीण मॉरीन तिला केस करायला घेऊन गेली. त्यांची गाडी वळणाआड होताच ऑरिनने गॅरेजचं दार वर केलं. समोर स्टँडवर फोन लावला आणि चित्रण सुरू केलं. एल्वुडला पुरावा दाखवायचा होता. मग बकसारखा चष्मा कपाळावर ढकलून, काही दिसेना म्हणून पुन्हा खाली घेऊन, त्याने डिकीतलं आतलं आवरण उचकटायला घेतलं. बक यासाठी प्लास्टिकची खास पट्टी वापरतो. ऑरिनने स्वयंपाकघरातलं लाकडी उलथनं आणलं होतं.

टक् असा आवाज झाला. व्हिडिओत क्लिप निघते तेव्हाही असाच आवाज येतो. फरक इतकाच, की बकच्या हातात अख्खी क्लिप येते आणि ऑरिनच्या हातात अर्धी आली.

एल्म कोर्टात शनिवारी गॅरेजचं दार उघडं असलं की ते आमंत्रण समजतात. कुणी विचारत नाही, कुणी बोलावत नाही. ज्याने त्याने आपली घडीची खुर्ची आणि कॉफीचा मग घेऊन यायचं. पहिला आला कॅझ. त्याने खुर्ची उघडली, पण बसला नाही. गाडीच्या मागे उभा राहून तो बंपरच्या फटीकडे बघत राहिला.

"मास्तर, ही फट बघ. या बाजूला करंगळी जाते, त्या बाजूला नखही जात नाही."

"बक म्हणतो, फट सारखी नसली की सात मार्कांच्या वर जायचं नाही," ऑरिन म्हणाला.

"सात? मी तीन दिले असते. थांब, दोन बोल्ट सैल करून दाखवतो, आत काय करून ठेवलंय ते."

"बंपर काढायचा नाही हां, कॅझ."

"काढतोय कोण? सैल करतोय."

सैल करता करता बंपर कॅझच्या मांडीवर आला. तेवढ्यात गस पोचला. त्याने मागची सीट नुसती दाबून पाहिली आणि त्याचा चेहरा दूध नासल्यासारखा झाला. "हा फोम आहे का पाव? मास्तर, सीट बाहेर काढल्याशिवाय तुला कळायचं नाही मी काय म्हणतोय."

खरं म्हणजे इथेच ऑरिनने थांबायला हवं होतं. पण गस पुढे म्हणाला, "बकचं काय मत आहे रे, या फोमवर?" आणि गल्लीत आल्यापासून पहिल्यांदा गाडीच्या बाबतीत कुणीतरी ऑरिनला मत विचारलं. ऑरिनने मत दिलं. सविस्तर दिलं. ते संपेपर्यंत मागची सीट हिरवळीवर आली होती.

सीट गवतावर मळेल म्हणून ऑरिनने घरातून फुलाफुलांच्या चादरी आणून अंथरल्या. मग त्यावर एकेक भाग मांडला, कारण बक मांडतो. मग कागदी चिकटपट्टीचे तुकडे फाडून प्रत्येक भागावर मार्क लिहिले, कारण निवृत्त झाल्यापासून त्याला मार्क द्यायला मिळालेच नव्हते. सीटला चार. बंपरला तीन. डिकीच्या आवरणाला त्याने सहा दिले, काठावर होतं म्हणून.

एल्वुड सगळ्यांत शेवटी आला आणि हाताची घडी घालून लांब उभा राहिला. "मी फक्त बघायला आलोय. मला या प्रकारात भाग घ्यायचा नाही."

"बघ की," ऑरिन म्हणाला. "ज्ञान सर्वांसाठी आहे."

एल्वुडने थोडा वेळ बघितलं. मग सहज म्हणून पुढचा दरवाजा उघडला आणि लावला. पुन्हा उघडला, पुन्हा लावला. "डबा आपटल्यासारखा वाजतो हा," तो पुटपुटला. "आतली पट्टी चुकीच्या जागी चिकटवलीय. हे पास कुणी केलं?" आणि त्याने मागच्या खिशातून स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर काढला. नुसता बघायला आलेला माणूस खिशात स्क्रू ड्रायव्हर घेऊन येत नाही, ही गोष्ट तेव्हा कुणी बोललं नाही.

त्यानंतर वेळ कसा गेला ते कुणाला कळलं नाही. दरवाज्यांची आवरणं निघाली. डिकीचा तळ निघाला. पायाखालच्या सतरंज्या निघाल्या. प्रत्येक भागामागे एक भाषण होतं, प्रत्येक भाषणात एक नालायक साहेब होता, ज्याने चांगल्या माणसाचं न ऐकता स्वस्तातला भाग निवडला होता. एक शहाणपण मात्र सगळ्यांनी पाळलं. आतल्या नारिंगी रंगाच्या जाड तारांकडे कुणी बोटही नेलं नाही. त्यात माणूस जागच्या जागी आडवा होईल इतकी वीज असते. बक ते दर व्हिडिओत सांगतो, आणि ही मंडळी वादाला पक्की असली तरी मरायला उत्सुक नव्हती.

आता शनिवारची सकाळ, उघडं गॅरेज, हिरवळीवर फुलांच्या चादरी, त्यावर ओळीने मांडलेल्या वस्तू आणि प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टीवर लिहिलेला आकडा. आमच्या भागात लोक घरातल्या जुन्या वस्तू अशाच हिरवळीवर मांडून, किंमत लिहून विकतात; तिथल्या कुठल्याही माणसाला यातून काय समजेल? रस्त्याने जाणारी एक व्हॅन थांबली. एक बाई उतरल्या, चादरींमधून फिरल्या, सीटपाशी थांबल्या. गसचं डोकं तेव्हा गाडीत होतं, फक्त पाठ बाहेर दिसत होती.

"चार?" बाईंनी पाठीला विचारलं.

"चार," गस आतून म्हणाला. "त्यापेक्षा एक जास्त नाही."

"कमी नाही होणार?"

"माझ्या मते तीनसुद्धा चालतील. पण मास्तर दयाळू आहे."

"नाही, नाही, चार बरोबर आहेत," बाई म्हणाल्या. "आमच्या तळघरात टीव्हीसमोर मस्त बसेल. पैसे कुठे ठेवू?"

गसला वाटलं कॉफीबद्दल काहीतरी चाललंय. "ठेवा तिथे खुर्चीवर," तो म्हणाला. व्हॅनचं दार सरकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, पण कॅझने नेमकं त्याच वेळी बंपरच्या मागच्या पोकळीतून तारेला लोंबकळणारी काळी गोल डबी बाहेर ओढली होती. सगळ्यांची डोकी डबीवर गेली.

"हे काय असेल?" कॅझने विचारलं.

"मी बघितलंय हे," ऑरिन उत्साहाने म्हणाला. "बकने असलीच एक डबी काढली होती. पाच मार्क दिले आणि बादलीत टाकली."

"कशाची होती ते सांगितलं?"

ऑरिनने आठवून पाहिलं. "नाही. बादली कुठल्या कंपनीची ते सांगितलं होतं."

एल्वुडने गाडीत बसून ब्रेक दाबून धरला आणि गाडी मागच्या गिअरमध्ये घातली. कॅझच्या हातातली डबी तोंड मिटून गायला लागली. कॅझ दचकला, डबी निसटली आणि मागे सरकताना त्याचा कारखान्यातला लोखंडी टाचेचा बूट नेमका तारेच्या टोकावर पडला. गाणं थांबलं. गसने डबी उचलून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. पायी चालणाऱ्यांना सावध करण्यासाठी. कायद्याने आवश्यक. काढू नये.



"म्हणजे गाडीला काही झालेलंच नव्हतं," एल्वुड सावकाश म्हणाला.

"विजेची गाडी मुळात मुकी," गस म्हणाला. "म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या अंगावर जाऊ नये म्हणून मुद्दाम आवाज लावलाय. चांगली कल्पना आहे. कुणाची असेल?"

 गवतावर पसरलेल्या निळ्या गाडीकडे बघताना ऑरिनच्या लक्षात एक गोष्ट येत होती.  शेकडो तासांच्या व्हिडिओंत बकला गाडी परत जोडताना त्याने कधीच पाहिलं नव्हतं. एकदाही नाही. बकची गाडी उघडायची असते. ती परत रस्त्यावर जायची नसते.

"आपण मागची सीट कुठे ठेवली रे?" त्याने विचारलं.

सीट कुठे आहे, ते लॉरेटाला त्याच क्षणी कळत होतं. केस करून ती मॉरीनच्या गाडीतून परत येत असताना कोपऱ्यावर एक व्हॅन थांबली होती आणि व्हॅनच्या मागच्या काचेतून एक सीट दिसत होती.

"मॉरीन, ती बघ. अगदी माझ्या गाडीसारखी सीट."

"तसल्याच रंगाची," मॉरीन म्हणाली.

"आणि त्यावर माझा स्वेटर आहे," लॉरेटा म्हणाली.

व्हॅनवाल्या बाई चांगल्या होत्या. गैरसमज कळल्यावर त्यांनी सीट परत दिली आणि स्वेटरही छान आहे म्हणाल्या. त्यामुळे लॉरेटा घरी पोचली ती अशी: डोक्यावर नवीन केशरचना, आणि मॉरीनच्या डिकीतून अर्धी बाहेर आलेली स्वतःच्या गाडीची सीट. ती उतरली. चादरींच्या टोकापासून टोकापर्यंत चालत गेली. प्रत्येक भागावरचे मार्क वाचले. चौघे म्हातारे शाळेतल्या पोरांसारखे एका ओळीत उभे होते.

"माझ्या सीटला चारच?" ती म्हणाली.

"फोम," गस पुटपुटला.

"गस, खुर्चीवर चार डॉलर आहेत ते त्या बाईंना नेऊन दे. कोपऱ्यावर थांबल्यात." मग ती नवऱ्याकडे वळली. "ऑरिन, जन्मभर मुलांकडून बेडूक उघडून घेतलेस. त्यातला एक तरी उड्या मारत घरी गेला का?"

ऑरिनने मान खाली घातली. हा मुद्दा आपल्याला आपल्या विषयातून सुचायला हवा होता, हे त्याला फार लागलं.

"संमेलन संध्याकाळी आहे," लॉरेटा म्हणाली. "मी मॉरीनच्या गाडीतून जाणार नाही. दिराच्या गाडीतून जाणार नाही, तुझ्या ट्रकमधूनही जाणार नाही. मी माझ्या गाडीतून जाणार. लावा."

"लावतो," चौघे एकदम म्हणाले, आणि कुणी हललं नाही.

"काय झालं?"

"आधी काय लावायचं?" कॅझने विचारलं.

"कारखान्यात दरवाजे माझ्यापर्यंत यायचे तेव्हा बाकीची गाडी तयार असायची," एल्वुड म्हणाला.

"आमच्याकडे उलटं," गस परत आला होता. "सीट टाकली की गाडी दुसरीकडे जायची. पुढे कुठे जायची, आम्ही कधी विचारलं नाही."

दातांच्या दवाखान्यात आयुष्य काढलेल्या बाईला रांग लावता येते. लॉरेटा म्हणाली, "सोपं आहे. शेवटी ज्याने उघडलं त्याने सगळ्यांत आधी लावायचं. शेवटी कुणी उघडलं?"

"मी फक्त सैल केलं होतं."

"मी फक्त फोम दाखवत होतो."

"मी तर भागच घेतला नाही," एल्वुड म्हणाला, आणि स्क्रू ड्रायव्हर पाठीमागे लपवला.

मॉरीन तोवर स्टँडवरचा फोन न्याहाळत होती. "हा अजून चालू आहे," ती म्हणाली. "यात सगळं आलंय."

"मॉरीन," ऑरिनचा आवाज चढला, "उलटा लाव. शेवटाकडून सुरुवातीकडे."

मग एल्म कोर्टाने असं दृश्य पाहिलं, की निम्मी गल्ली खुर्च्या घेऊन आली. मॉरीन खुर्चीवर बसून पडद्यावर बोट मागे ओढत होती आणि दिसेल ते मोठ्याने सांगत होती. "एल्वुड पाठमोरा चालत येतोय, हातात डाव्या दरवाज्याचं आवरण. एल्वुड, ऊठ. लावलं? आता कॅझच्या तोंडातून कॉफी मगमध्ये परत चाललीय, ते सोडा. आता गस वाकला. गस, सीट. नाही, त्याआधी सतरंजी. ऑरिन हवेत हातवारे करतोय. बराच वेळ करतोय. अजून करतोय."

"तेव्हा मी फोमवर बोलत होतो," ऑरिन म्हणाला.

"पुढे सरकव," लॉरेटा म्हणाली.

मोडलेल्या क्लिपांचा प्रश्न आला नाही. एवढी वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाच्या घरी क्लिपांचा डबा नसेल, तर तो कामाला जात होता यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. तिघांनी तीन डबे आणले. बंपर बसवताना कॅझने दोन्ही बाजूंच्या फटी अशा सारख्या केल्या, की त्याचा त्यालाच गहिवर आला. एल्वुडने दरवाज्यातली पट्टी योग्य जागी चिकटवली आणि दरवाजा लावला. यावेळी तो मऊ उशी टेकल्यासारखा लागला. एल्वुडने तो पुन्हा एकदा लावून ऐकला. मग कुणाकडे न बघता म्हणाला, "मास्तर, असला व्हिडिओ उपयोगाचा आहे. बकचा नाही. आपला."

ऑरिनच्या छातीत काहीतरी भरून आलं. पण त्याला फार काळ तसं राहू दिलं नाही. गसने ती काळी डबी वर धरली. डबी ठीक होती. तिच्या तारेचं टोक कॅझच्या बुटाखाली पीठ झालं होतं.

"त्याचा डबा आहे का कुणाकडे?" लॉरेटाने विचारलं.

नव्हता. असलं टोक त्यांच्या काळी नव्हतंच. सोमवारी विक्रेत्याकडे मिळालं असतं.

"तसं त्याच्याशिवाय चालतं," कॅझ घाईघाईने म्हणाला. "नुसता आवाज तर आहे."

"कायद्याने आवश्यक," लॉरेटाने डबीवरचं वाचून दाखवलं. लॉरेटा अशी, की रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला थांबते आणि हिरवा झाल्यावर आभार मानते. "पायी चालणाऱ्यांना सावध करण्यासाठी. आणि संमेलनाला येणाऱ्यांत निम्म्यांना ऐकू कमी येतं. मी मुकी गाडी मागे घेणार नाही." तिने नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. भागांवरचे मार्क वाचताना बघितलं होतं तसंच. "ऑरिन, टाय घाल."

संध्याकाळी निळी गाडी गॅरेजमधून बाहेर निघाली ती अशी: लॉरेटा स्टिअरिंगवर, आरसा नीट करत, गाडी हळूहळू मागे येतेय, आणि गाडीच्या मागे चांगला कोट आणि टाय घातलेला ऑरिन उलटा चालतोय, तोंड मिटून गुणगुणतोय. आधी त्याने चर्चमधलं एक भजन धरलं होतं.

"ते नको," लॉरेटाने खिडकीतून सांगितलं. "लोकांना वाटेल अंत्ययात्रा निघालीय. एकच सूर धर."

ऑरिनने एकच सूर धरला. गल्ली खुर्च्यांवरून ऐकत होती.

"आवाज जरा दबका आहे," कॅझ म्हणाला. "सहा."

"वजनाच्या मानाने पाच," गस म्हणाला.

"पण सुटा करून बदलता येत नाही," एल्वुड म्हणाला, "तो एक मार्क कापा."

संमेलनाच्या हॉलच्या आवारात जागा एकच उरली होती, दोन थोराड ट्रकच्या मधली, आणि तिथे गाडी मागे घेऊनच लावावी लागणार होती. लॉरेटाचे वर्गमित्र दाराशी उभे होते. त्यांनी निळी गाडी पाहिली, 'लॉरेटा आली' असा गलका केला आणि सगळे आवारात आले. मग त्यांना गाडीतून उतरून तिच्या मागे गुणगुणत चालू लागलेला माणूस दिसला.

"हा कोण?" एकीने विचारलं.

"गाडीबरोबरच आलाय," लॉरेटा म्हणाली. "वेगळा मिळत नाही."

सगळे हसले, आणि ती हसताना इतकी खूश दिसली, की ऑरिनने सूर थोडा वाढवला. गर्दीतून एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पुढे आले. जन्मभर एका मोठ्या कंपनीत गाड्यांचे नकाशे काढलेले, असं मागून कुणीतरी कुजबुजलं. ते ऑरिनच्या बरोबरीने चालू लागले आणि फार आदराने म्हणाले, "अहो, तुमच्या मिसेस फोनवर म्हणाल्या होत्या, तुम्ही गाड्या खोलून दाखवणारे व्हिडिओ खूप पाहिलेत. मला केव्हापासून कुणातरी जाणकाराला विचारायचंय. त्या व्हिडिओंचा खरोखर काही उपयोग असतो का हो?"

 सगळ्यांच्या माना ऑरिनकडे वळल्या. असा प्रश्न, अशा माणसांमध्ये, इतक्या आदराने कुणीतरी आपल्याला विचारावा, म्हणून ऑरिन इतकी वर्षं थांबला होता. आणि आज त्याच्याकडे उत्तर होतं. पक्कं, हाताने करून पाहिलेलं उत्तर होतं. कशासाठी उपयोग आहे, कशासाठी नाही, कुठून सुरुवात करावी आणि तेही कुठल्या टोकाकडून, सगळं त्याला पहिल्या बाकावरच्या पोरालाही समजेल असं सांगता आलं असतं.

पण गाडी अजून मागे येत होती. ऑरिनने त्या गृहस्थांकडे अत्यंत जिव्हाळ्याने पाहिलं, आणि गुणगुणत राहिला.